घोडमुळ्याचे झाड



आज ज्या झाडाची गोष्ट सांगणार आहे, ते तुमच्यापैकी अनेकींच्या दारामागे उभे आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकूरवाडी हे काही एकाच गावाचे नाव नाही. कितीतरी गावांना डोंगराच्या अंगाला आपली एक ठाकूरवाडी असते. तिथे घरामागे जाऊन बघा. न्हाणीचे पाणी वाहते त्या कडेला, नाहीतर कुंपणाच्या कोपऱ्यात, एक किडकिडीत उंच झाड दिसेल. बारीक गोलसर पानांचे, फांदीवर जरा भार पडला की कडकन मोडणारे. आपला शेवगा.

या शेवग्याला इंग्रजी पुस्तकांत एक नाव आहे, हॉर्सरॅडिश ट्री. हॉर्स म्हणजे घोडा आणि रॅडिश म्हणजे मुळा. आपल्या भाषेत घोडमुळ्याचे झाड म्हणा. पहिल्यांदा हे नाव वाचले तेव्हा मला हसू आले. शेवग्याचा घोड्याशी काय संबंध, आणि मुळ्याशी तरी काय? शेंगेवरून नाव दिले असते तर समजले असते. इंग्रजांचेच दुसरे नाव, ड्रमस्टिक, म्हणजे ढोल वाजवायची काठी, ते शेंगेवरूनच आहे. पण हा मुळा आला कुठून?

त्या मुळ्याचा माग काढत गेले आणि दीडदोनशे वर्षांची गोष्ट हाती लागली. तीत साहेबाचे जेवणाचे टेबल आहे, बेळगावात जन्मलेला एक इंग्रज डॉक्टर आहे, रानाला घातलेली बंदी आहे, आणि शेवटी आपल्या ताटातली पाल्याची भाजी आहे.

साहेबाला हवा असलेला झणका

आधी खऱ्या घोडमुळ्याची ओळख करून घेऊ. हे युरोपातल्या थंड मुलखातले झाडोऱ्याचे पीक. वर लांबरुंद हिरवी पाने, आणि जमिनीत हातभर लांब, पांढरे, जाड मूळ. तिकडच्या घराघरांच्या परसात त्याचा एखादा कोपरा असायचा. एकदा लावले की मुळाच्या राहिलेल्या तुकड्यातून ते पुन्हा फुटते, त्यामुळे दरवर्षी नवे लावायची गरज नाही. नावातल्या घोड्याचा अर्थ थोराड, जहाल असा. आपल्या ओळखीच्या मुळ्यापेक्षा दांडगा, म्हणून घोडमुळा.

गंमत अशी की अख्ख्या मुळाला फारसा वास नसतो. किसले की मात्र नाकातून थेट डोक्यात झणका जातो आणि डोळ्यांत पाणी येते. इंग्रज लोक हा कीस शिरक्यात कालवून भाजलेल्या गोमांसासोबत खायचे. अजूनही खातात.

तुमच्यापैकी ज्या लोणच्यासाठी मोहरी फेसतात त्यांना हे लगेच कळेल. मोहरीचा दाणा नुसता तोंडात टाकला तर फार काही होत नाही. पण थोडे पाणी घालून ती पाट्यावर फेसायला घेतली की काय होते? शेजारची बाई शिंकते. मोहरीत दोन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. चिरडल्यावर आणि पाणी लागल्यावर त्या एकत्र येतात आणि तेव्हाच ती तिखट वाफ तयार होते. घोडमुळ्यातही अगदी हेच घडते. कीडमुंगीने चावा घेतला तर तिच्या नाकात मिरची जावी, अशी झाडाने स्वतःसाठी केलेली ही राखण आहे. माणसाला तीच आवडली.

इंग्रज हिंदुस्थानात आले, राज्य करू लागले, पण जिभेची सवय बोटीतून उतरवून ठेवता येत नाही. बटाटा, कोबी, वाटाणा, सलाड या त्यांच्या भाज्या त्यांनी थंड हवेच्या ठिकाणी लावून घेतल्या. महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी कैदी होते. तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्यात त्यांचा मोठा हात होता. आपल्या डोक्यावरचे माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी चौक गावाकडून चढून जाऊन पाहिले, आणि पुढे तिथे बंगले उभे राहू लागले. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८६३ साली बोरघाटातून ती वर पुण्याकडे गेली. म्हणजे साहेब, त्याची मडम, त्याचा खानसामा आणि त्याचा माळी हे सगळे आपल्या या पट्ट्यातून जाऊ-येऊ लागले.

पण घोडमुळ्याला कडाक्याची थंडी लागते. आपला चैत्र-वैशाख आणि वर आपला पाऊस, हे दोन्ही त्याला मानवणारे नव्हे. मग साहेबाच्या मांसाबरोबर काय वाढायचे?

उत्तर माळ्याच्या पायाशी होते. शेवग्याचे बी रुजवले की रोपाला खाली जाड, पांढरे, मुळ्यासारखेच मूळ धरते. ते उपटून, वरची साल खरवडून आतला गर किसला की वास आणि झणका जवळजवळ तोच. शिरका घातला की साहेबाला फरक कळेना. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांचे ‘फ्लोरा इंडिका’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली पुरे छापले गेले. त्यात हा वापर नोंदलेला आहे. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा मोठा कोश काढला. त्यातही शेवग्याला हॉर्सरॅडिश ट्री का म्हणतात, याचे हेच कारण दिले आहे. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानात, दोन्हीकडे हे नाव रूढ होते असे ते सांगतात.

आता थोडा विचार करा. ज्या झाडाचा पाला, फूल, शेंग, बी सगळे खाता येते, त्या झाडाला नाव मिळाले ते मुळावरून. कारण नाव देणाऱ्याला त्याच्या ताटात फक्त मूळ हवे होते.

बेळगावच्या डॉक्टरांचे कोडे

या गोष्टीत आपल्या मातीतला एक माणूस आहे. डॉ. जॉर्ज बर्डवुड. आईबाप इंग्रज, पण जन्म १८३२ सालचा, बेळगावचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत. भायखळ्याचे म्युझियम आणि राणीची बाग उभी करण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. मुंबई इलाख्यात काय काय पिकते, कोणत्या झाडाचा काय उपयोग, याची एक मोठी यादी त्यांनी १८६२ साली छापली.

शेवग्याने या डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. त्यांचे मत ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये दिलेले आहे. झाडांचीही घराणी असतात. वांगे, बटाटा, मिरची, टोमॅटो एका घराण्यातले. काकडी, दुधी, भोपळा दुसऱ्या. फूल, बी, पान पाहून जाणकार घराणे ओळखतात. शेवग्याचे मात्र असे की त्याचे काही या घराण्याशी जुळे, काही त्या घराण्याशी. बर्डवुड म्हणतात की हे झाड मोठे अद्भुत आहे, त्याला कुठल्या गटात बसवावे हे कोणालाच सांगता येत नाही.

हे कोडे पुढची शंभर वर्षे सुटले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ झाडांच्या पेशींतली जनुके तपासून नाती लावू लागले. १९९८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून फुलझाडांची नवी मांडणी केली. त्यात शेवगा जाऊन बसला मोहरीच्या कुळात. मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल, तो विलायती घोडमुळा आणि आपली पपई, ही सगळी एका मोठ्या कुळातली निघाली. पपईचे बी चुकून दाताखाली आले तर ते कसे चरचरते, आठवते ना? तोच तो झणका.

म्हणजे डॉक्टरांना जे फुलापानांवरून ओळखता आले नाही, ते अनाम माळ्याने आणि खानसाम्याने नाकावरून ओळखले होते. घोडमुळा आणि शेवगा खरोखरच लांबचे भाऊबंद आहेत.

आणि त्या माळ्याच्याही फार आधी आपल्याकडच्या लोकांना हे ठाऊक होते. संस्कृतात शेवग्याला शिग्रु म्हणतात, शोभांजन म्हणतात. अमरकोशात त्याचे आणखी एक नाव आहे, तीक्ष्णगंधक. तीव्र, झोंबणाऱ्या वासाचा. आयुर्वेदात त्याच्या बियांना श्वेतमरिच, म्हणजे पांढरी मिरी, असेही म्हटले आहे. मनुस्मृतीत वनात राहणाऱ्या वानप्रस्थाने जे टाळायचे त्यात शिग्रु आहे. टाळायला सांगितले, म्हणजे लोक आवडीने खात होते हे उघडच आहे.

रानाला बंदी, परसाला नाही

आता साहेबाच्या टेबलावरून खाली वाडीत येऊ. ज्या दशकांत इंग्रज अधिकारी आपल्या झाडांच्या याद्या छापत होते, त्याच दशकांत आपल्या आज्या-पणज्यांच्या पायाखालचे रान आक्रसत होते.

१८७८ साली हिंदुस्थानचा वनकायदा झाला. राखीव जंगले ठरली. कर्जत त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. ठाकूर आणि कातकरी यांना राबासाठी झाडाची फांदी तोडायची, सरपण आणायचे, कंद खणायचे, तर आता त्यावर नियम आले आणि रानरक्षक आले. राब म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. रोपाची जागा भाजली नाही तर भाताचे रोप जोमाने येत नाही. या बंदीविरुद्ध ठाणे आणि कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला.

रान आटले की बाईला दोन गोष्टी उरतात. एक पावसाळ्यातल्या रानभाज्या, शेवळे, टाकळा, भारंगी, कुर्डू. आणि दुसरी, दारामागची चार हात जागा. शेवगा आपल्याकडे मुख्यतः परसातलेच झाड. त्याची फांदी तोडायला कोणाची परवानगी लागत नाही. बी विकत घ्यावे लागत नाही, शेजारणीकडून एक फांदी आणून पावसाच्या तोंडावर रोवली की झाले. त्याचे लाकूड कोणाच्या कामाचे नाही, म्हणून ते चोरीला जात नाही. पहिल्या पावसानंतर, धान्याची कणगी तळाला गेलेली असते आणि लावणीचे काम अंगावर असते, नेमक्या त्या दिवसांत त्याला कोवळा पाला फुटलेला असतो. कोकणात बऱ्याच घरांत गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करायची रीत आहे. ती रीत अशीच पडली नसावी. त्या दिवसांत जे दारात मुबलक होते, तेच देवाच्या ताटातही गेले.

दारात शेवगा नको, असे का म्हणतात?

इथे एक अडचण आहे, आणि ती तुम्ही मनातल्या मनात म्हणालाही असाल. “ताई, शेवगा दारात नसावा म्हणतात. घरात भांडणे होतात, दारिद्र्य येते.”

माझ्या माहेरीही दारातला शेवगा असाच तोडला गेला. भाऊ आठ वर्षांचा होता. शेंगा काढायला चढला, फांदी मोडली आणि हात मोडून घेतला. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी कुऱ्हाड घातली. आजी म्हणाली, “मी सांगत होते, हे झाड दारात वाईट.” तेव्हा मला ते पटले होते. आता वाटते, झाड वाईट नव्हते, लाकूड ठिसूळ होते. शेवगा झपाट्याने वाढतो, म्हणून त्याचे लाकूड भेंडासारखे हलके असते. त्यावर पोर चढले तर पडणारच. वादळात फांदी कौलांवर पडणारच. शिवाय पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे झुबके जमतात. अंगाला लागले तर आग आग होते. अंगणात रांगणारे मूल असेल तर कुठली आई असे झाड दाराशी ठेवील?

जुन्या माणसांनी अनुभवाला अपशकुनाचे कापड गुंडाळले, म्हणजे पोरे ऐकतील. कापड आपण बाजूला ठेवू आणि अनुभव तेवढा घेऊ. शेवगा दाराशी नको, मागे किंवा बांधावर लावावा. त्यावर पोरांना चढू देऊ नये. शेंगा काठीला विळी बांधून काढाव्यात. आणि झाड उंच वाढूच देऊ नये. ते कसे, हे पुढे सांगते.

मूळ, शेंग आणि पाला

साहेबाने मूळ पाहिले. बाजार शेंग पाहतो. पण झाडाचे खरे धन पाल्यात आहे, आणि ते ओळखले बायकांनी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातल्या अन्नाचे तक्ते छापले. त्यांत शेवग्याच्या १०० ग्रॅम ओल्या पाल्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने, ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि सुमारे साडेचार मिलिग्रॅम लोह दिले आहे. शिवाय डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व ज्यातून तयार होते ते द्रव्य भरपूर. पालेभाजीत एवढी प्रथिने सहसा नसतात.

आता दुसरा आकडा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे गटाच्या बैठकीत आपण दहाजणी बसलो असू, तर पाचजणींना तरी ही कमतरता असणार. जिना चढताना धाप लागते, लावणीच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, “बाईच्या जातीला हे चालायचेच.” ते चालायचे नाही.

पण इथे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. मोठ्या बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते. मूठभर पाल्याने ते भरून निघत नाही, आणि पाल्यातले सगळे लोह अंगी लागतही नाही. म्हणून आशाताईने दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. पाला हा गोळीचा सोबती. भाजीवर लिंबू पिळले की लोह अधिक अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जाते. शहरात शेवग्याच्या पाल्याची पूड डबीत भरून शेकडो आजारांवरचे औषध म्हणून विकतात. आपण तिला औषध म्हणू नये. आपल्यासाठी ती भाजी आहे, आणि भाजी म्हणूनच ती मोलाची आहे.

हे झाड मूळचे हिमालयाच्या पायथ्याचे. तिथून ते साऱ्या हिंदुस्थानात पसरले, आणि पुढे आफ्रिका, वेस्ट इंडिज, फिलिपिन्सपर्यंत गेले. फिलिपिन्समध्ये त्याला मालुंगाय म्हणतात आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून त्याच्या पाल्याचा रस्सा देतात. आफ्रिकेतल्या सुदान देशात नाईल नदीकाठच्या बायका गढूळ पाणी निवळायला शेवग्याचे बी वापरत. सामिया अल अझारिया यान नावाच्या विदुषीने त्या बायकांकडून हे शिकून, तपासून, जगापुढे ठेवले. वाळलेल्या शेंगेतले बी सोलून, कुटून पाण्यात ढवळले आणि तासभर ठेवले की गाळ तळाला बसतो. पहिल्या पावसात विहिरीला लाल पाणी येते तेव्हा हे करून पाहता येईल. पण एक लक्षात ठेवा, निवळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. ते गाळून, उकळूनच प्यायचे.

आणि आता मुळाबद्दल

गोष्ट ऐकून कोणाला वाटेल, साहेबाने खाल्ले तर आपणही मूळ किसून पाहू. तसे करू नका. शेवग्याच्या मुळाची साल अपायकारक आहे. तिच्यातली द्रव्ये मज्जातंतूंवर परिणाम करतात. साहेबाचा खानसामा ती साल खरवडून टाकायचा आणि चमचाभर कीस वाढायचा. पण आत किती गेले, बाहेर किती राहिले, हे कोण मोजणार? गरोदर बाईने तर शेवग्याचे मूळ किंवा साल कुठल्याही रूपात तोंडात घालू नये. गर्भाला धोका असतो. कोणी वैदू, कोणी शेजारीण पोटदुखीवर किंवा पाळी येण्यासाठी मूळ उगाळून देऊ लागली तर सरळ नाही म्हणा आणि दवाखान्यात जा. पाला, फुले आणि शेंगा शिजवून खाव्यात. मूळ जमिनीतच राहू द्यावे. झाडही जगेल आणि आपणही.

झणका हवाच असेल तर आपली फेसलेली मोहरी आहे की. घोडमुळ्याची ती सख्खी बहीण.

चार हात जागेत

शेवटी, लावायचे कसे ते थोडक्यात सांगते.

आपल्याकडे पाऊस फार. शेवग्याला पाणी साचलेले चालत नाही, मूळ कुजते. म्हणून खाचरात नको. बांधावर, उतारावर, नाहीतर मातीचा उंचवटा करून लावा. मनगटाएवढी जाड, हातभरापेक्षा लांब फांदी पावसाच्या तोंडावर, तिचा तिसरा हिस्सा मातीत जाईल अशी रोवा. बी लावायचे असेल तर खड्ड्यात शेणखत घालून दोन बिया टाका आणि जोमाचे एक रोप ठेवा. सुधारित जातींत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा आपल्या हवेसाठीच काढलेली आहे. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पी.के.एम.-१ लवकर शेंगा देते.

रोप छातीएवढे झाले की शेंडा खुडा. जीव कळवळतो, पण खुडा. मग बाजूने फांद्या फुटतात, झाड झुडपासारखे बसके राहते, पाला हाताला येतो आणि कोणाला चढावे लागत नाही. शेंगांचा हंगाम संपला की फांद्या छाटा. त्याच फांद्या शेजारणीला लावायला द्या. सुरवंटांचा झुबका खोडावर दिसला की लांबूनच जळता पलिता लावा, पण हात लावू नका.

भाजी तुम्हाला मी काय शिकवणार? कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि वर ओले खोबरे. वालाच्या बिरड्यात मूठभर पाला. सुकटीत शेंगा. नुसत्या आमटीत वरून पाला टाकून एक उकळी. हिवाळ्यात पाला जास्त झाला तर कापडावर, सावलीत वाळवून चुरा करून ठेवा. नाचणीच्या पिठात चमचाभर घातला तर भाकरी जरा हिरवी होते, पण मुले खातात. फक्त बाळाला पहिल्यांदा देताना अगदी थोडा द्या.

मैत्रिणींनो, एका झाडाची किती नावे झाली पाहा. पंडिताने वासावरून ठेवले, तीक्ष्णगंधक. साहेबाने मुळावरून ठेवले, हॉर्सरॅडिश. शास्त्रज्ञाने बियांतल्या तेलावरून ठेवले, ओलिफेरा, म्हणजे तेल देणारा. प्रत्येकाला त्यात आपल्या कामाचे तेवढे दिसले. आपल्या आज्यांनी पुस्तक लिहिले नाही. त्यांनी फांदी मोडून सुनेच्या हाती दिली आणि सांगितले, “मागच्या बाजूला लाव, पावसात उपयोगी पडेल.” शेवगा आपल्यापर्यंत आला तो त्या फांदीवरून.

यंदा मृगाच्या आधी तुमच्या गटाच्या बैठकीत एवढे एक विचारा. कोणाकडे शेवगा आहे, आणि कोणाकडे नाही? ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकेक फांदी घेऊन यायची. एवढाच ठराव. वहीत लिहायलाही एक ओळ पुरेल.